टेस्ट किटच्या शेअरबद्दल तू विचारलंस म्हणून

प्रिय बाळा,

तुझा मेसेज वाचला. पुढची साथ यायच्या आत रॅपिड टेस्ट बनवणाऱ्या कंपन्यांत पैसे घालून ठेवायचे असं तू जवळजवळ ठरवलंयस, आणि त्यासाठी कोव्हिडच्या वेळचे चार्टही काढलेस. मेहनत घेतलीस, बरं वाटलं. पण तू फक्त चढ बघितलायस, तो कशाने आला आणि कशाने उतरला हे समजल्याशिवाय एक रुपयाही घालू नकोस असं मी अगदी कळकळीने सांगते.

आधी दर बघ. मार्च २०२० मध्ये केंद्राने खासगी लॅबसाठी आरटी-पीसीआरला ४५०० रुपयांची मर्यादा घातली. जूनमध्ये महाराष्ट्र सरकारने लॅबमधल्या टेस्टचा दर २२०० वर आणला, मग डिसेंबरच्या आतच ९८०, आणि मार्च २०२१ संपता संपता ५००. म्हणजे दुसरी लाट डोक्यावर आलेली, टेस्टसाठी रांगा लागलेल्या, आणि दर मात्र तोपर्यंतचा सगळ्यात कमी. आणि ते योग्यच होतं, माणसं मरत असताना टेस्ट परवडायलाच हवी. पण तुझ्या एक्सेलमध्ये तू मागणी गुणिले आजचा दर असं सरळ धरलंयस, साथीत दर तुझ्या कंपनीच्या हातात नसतो रे.

रॅपिड अँटिजेनचं तर अजून अवघड. रॅपिड अँटिजेन म्हणजे लॅबशिवाय काही मिनिटांत विषाणूचं प्रोटीन ओळखणारी टेस्ट. जून २०२० मध्ये आयसीएमआरने, म्हणजे केंद्राच्या वैद्यकीय संशोधन संस्थेने, पहिल्यांदा एसडी बायोसेन्सर या कोरियन कंपनीच्या मानेसरला बनणाऱ्या किटला मान्यता दिली, तेव्हा ती एकटीच होती. नंतर रांगच लागली, मे २०२१ ला पुण्याच्या मायलॅबच्या २५० रुपयांच्या घरी करायच्या किटला मान्यता मिळाली. किट उघडून बघितलंयस का कधी? प्लास्टिकची कॅसेट, आत पट्टी, बफरची (नमुना मिसळायच्या द्रवाची) छोटी नळी, नाकातला नमुना घ्यायचा एक स्वॅब, पंधरा मिनिटांत सी (टेस्ट नीट चालली) आणि टी (संसर्ग आहे) ची रेघ. चांगल्या अँटिबॉडी लागतात हे खरं, पण सुरुवातीचा फायदा असतो तो मान्यता लवकर मिळवण्याचा आणि माल भराभर काढण्याचा, तो काही महिन्यांत संपतो.

मी त्या वेळी पुण्यात एका लॅबची खरेदी बघत होते. लाटेत सप्लायर फोन उचलत नव्हते, उचलला तरी सकाळचा दर दुपारी नसायचा. लाट ओसरल्यावर तेच लोक स्वतःहून फोन करून दोन पेट्या तरी घ्या म्हणून मागे लागायचे, कारण प्रत्येक पेटीवर एक्स्पायरी छापलेली असते आणि ती कोणासाठी थांबत नाही. न खपलेला माल कंपनीच्या ताळेबंदात इन्व्हेंटरी म्हणजे शिल्लक साठा म्हणून दिसतो, पुढच्या वर्षी तोटा म्हणून.

आता ल्युसिरा हेल्थ या अमेरिकन कंपनीचं बघ. घरी करायची पहिली मॉलिक्युलर टेस्ट (आरटी-पीसीआरसारखी विषाणूचं जनुक शोधणारी) त्यांची, नोव्हेंबर २०२० मध्ये एफडीए या अमेरिकेच्या औषध नियामकाची इमर्जन्सी मान्यता. फेब्रुवारी २०२१ ला १७ डॉलरने आयपीओ, म्हणजे शेअर पहिल्यांदा बाजारात. कोव्हिड आणि फ्लू एकत्र तपासणाऱ्या किटची मान्यता लांबत गेली, पैसे संपले, २२ फेब्रुवारी २०२३ ला दिवाळखोरीचा अर्ज केला आणि २४ तारखेला, म्हणजे दोनच दिवसांनी, ती मान्यता आली! नंतर फायझर या औषध कंपनीने सगळा धंदा साधारण ३.६ कोटी डॉलरला उचलला. किट चांगलंच होतं, शेअरहोल्डर मात्र बुडाले. मला अजून वाईट वाटतं त्याचं.

अ‍ॅबट या मोठ्या अमेरिकन कंपनीची पंधरा मिनिटांची टेस्ट ५ डॉलरची होती, अमेरिकन सरकारने २०२० मध्ये १५ कोटी टेस्ट ७६ कोटी डॉलरला घेतल्या. जून २०२१ मध्ये लसीकरणामुळे मागणी पडली तर त्यांनाही नफ्याचा अंदाज खाली आणावा लागला आणि शेअर आपटला. पण त्यांच्याकडे ग्लुकोज सेन्सर आहे, स्टेंट आहेत, बेबी फूड आहे, त्यामुळे निभावलं. आपल्या नवी मुंबईच्या थायरोकेअर या लॅब कंपनीतला मोठा हिस्सा जून २०२१ मध्ये ऑनलाइन औषधं विकणाऱ्या फार्मइझीच्या कंपनीने १३०० रुपये शेअरने घेतला, दोन वर्षांत भाव निम्म्याच्याही खाली.

मग यात काहीच नाही का, तर आहे. गोव्याच्या मोलबायोचं ट्रूनॅट बघ. बॅटरीवर चालणारं छोटं मशीन, मुळात टीबीसाठी, गावच्या आरोग्य केंद्रात ठेवता येईल असं. कोव्हिड आला तेव्हा त्यात कोव्हिड तपासणारी चिप घातली, कोव्हिड गेला तरी मशीन तिथेच आणि टीबीच्या चिपा लागतच राहिल्या. २०२२ मध्ये टेमासेक या सिंगापूरच्या सरकारी गुंतवणूक कंपनीने मोलबायोत पैसे घातले ते साथ उतरलेली असताना. मला अशी कंपनी आवडते, साथ नसतानाही रोज कोणाच्या तरी कामी येणारी.

तर आता असं कर, तुझ्या यादीतल्या प्रत्येक कंपनीचे २०१९ चे आणि २०२३ चे आकडे शेजारी शेजारी मांड, मधली वर्षं झाकून ठेव. कोव्हिडच्या पैशाचं त्यांनी काय केलं, कर्ज फेडलं की नवीन प्लांट टाकला की दुसरी कंपनी घेतली, तेही लिही. एसडी बायोसेन्सरने मेरिडियन बायोसायन्स ही टेस्ट बनवणारी अमेरिकन कंपनी घेतली ती जवळपास १५० कोटी डॉलरच्या व्यवहारात, आणि तरी एसडी बायोसेन्सरचा शेअर आयपीओच्या ५२००० वॉनच्या खूप खाली गेला, तर ते का झालं ते स्वतः शोध. शनिवारपर्यंत शीट पाठव, रविवारी फोनवर एकेक ओळ बघू. आणि एफडी मोडू नकोस तोपर्यंत.

तुझी
ताई