गुडघे दुखतात, पाण्यात उतरू का?

प्रश्न : वय 63. दोन्ही गुडघ्यांत झीज आहे. मुलगी म्हणते, टँकवर बायकांची अ‍ॅक्वा, म्हणजे पाण्यातल्या व्यायामाची, बॅच असते, तिथे जा. पण मला पोहता येत नाही, पाण्याची भीतीही वाटते.

जरूर जा. या व्यायामाला पोहणं लागत नाही. उथळ भागात उभं राहून पुढे-मागे-आडवं चालायचं, कठडा धरून पाय उचलायचे, एवढंच. कंबरेइतक्या पाण्यात पायांवर शरीराचं साधारण निम्मं वजन येतं, छातीइतक्या पाण्यात जेमतेम तिसरा हिस्सा. शिवाय पाणी हालचालीला विरोध करतं. वेग दुप्पट केला तर हा विरोध जवळपास चौपट होतो, त्यामुळे वेग कमी-जास्त करून व्यायाम हलका-जड करता येतो.

पैसे भरायच्या आधी एकदा टँक बघून या. उतरायला रुंद पायऱ्या आणि धरायला दांडा आहे, की नुसती उभी लोखंडी शिडी? दुखऱ्या गुडघ्यांना त्या शिडीने वर येणं सगळ्यात जड जातं. पाण्यात हात घालून बघा. सांध्यांसाठी 29 ते 31 अंश सेल्सिअस बरं. गरम न केलेल्या टँकमध्ये डिसेंबर-जानेवारीत पाणी बरंच थंड असतं आणि स्नायू आखडतात. तिथे मार्चपासून सुरुवात केलेली चांगली. ओल्या फरशीसाठी न घसरणारे रबरी बूट घ्या. शिकवणाऱ्यांना आधीच सांगा की भीती वाटते, आणि पहिले काही दिवस कठड्याजवळची जागा सोडू नका. हृदयविकार, फिट्स किंवा आटोक्यात नसलेलं ब्लडप्रेशर असेल, तर आधी डॉक्टरांची परवानगी हवीच.

प्रश्न : पहिल्याच दिवशी तासभर व्यायाम केला. पाण्यात काही दुखलं नाही, फार छान वाटलं. रात्री मात्र गुडघा सुजला. पाण्याचा व्यायाम मला सोसत नाही का?

सोसेल, पण तासभर नाही. माझ्याकडे येणारे निम्मे लोक इथेच फसतात. पाण्यात वजन कमी आणि दुखणं दबलेलं, त्यामुळे किती झालं हे त्या वेळी कळत नाही. म्हणून टँकमध्ये कसं वाटलं यावर जाऊ नका. बाहेर आल्यावर दोन तासांनी गुडघा कसा आहे ते बघा. दुखणं आधीपेक्षा वाढलं असेल, तर पुढच्या वेळी वेळ निम्मा करा. सूज पूर्ण उतरेपर्यंत थांबा, मग 15 मिनिटांपासून सुरू करा, आठवड्यातून दोनदा, मध्ये एक-दोन दिवस सोडून.

वर येतानाही घाई नको. शेवटच्या दोन पायऱ्यांवर सगळं वजन एकदम गुडघ्यांवर परत येतं. कंबरेइतक्या पाण्यात दांडा धरून मिनिटभर उभे राहा, मग एकेक पायरी चढा, कमी दुखणारा पाय आधी. ब्लडप्रेशरच्या गोळ्या घेणाऱ्यांना इथेच चक्कर येऊ शकते.

फरक किती पडेल, तेही स्पष्ट सांगते. कॉक्रेन ही वैद्यकीय अभ्यास एकत्र करून तपासणारी आंतरराष्ट्रीय संस्था. तिच्या 2016 च्या आढाव्यात गुडघा आणि खुब्याची झीज असलेल्यांवरचे 13 अभ्यास एकत्र तपासले गेले. दुखणं आणि हालचाल थोडी सुधारलेली दिसली, पण तीही व्यायामाचा कार्यक्रम संपला त्या सुमाराची. झीज भरून येत नाही. तरी जिना चढताना दुखणं थोडं कमी झालं तर ते हवंच आहे, आणि त्यासाठी व्यायाम चालू ठेवावा लागतो.

प्रश्न : मला आमवात आहे, वय 38. सकाळी बोटं आखडलेली असतात आणि बॅच नेमकी सहाची आहे.

संध्याकाळची बॅच घ्या. सकाळचा आखडलेपणा सुटायच्या आत व्यायाम करायचा अट्टहास नको. सांधे लाल, गरम, सुजलेले असतील ते दिवस सुट्टीचे. फोमचे डंबेल घट्ट पकडू नका, नुसत्या तळव्याने पाणी ढकला. बरं वाटायला लागलं तरी गोळ्या स्वतःहून बंद करू नका. आमवातात सांधा आतून खराब होऊ नये म्हणून त्या दिलेल्या असतात, व्यायामाने ते काम होत नाही.

प्रश्न : गुडघा बदलून दोन महिने झाले. कधी उतरू?

जखम पूर्ण भरली आहे असं सर्जननी बघून सांगितल्यावरच. एक ठिपका जरी ओला असेल तरी नाही. नंतरही बेडकासारखे पाय मारायचे नाहीत, त्याने गुडघ्याला पीळ बसतो.

प्रश्न : आमच्या गावात टँक नाही. शेततळ्यात किंवा विहिरीत केलं तर?

अजिबात नको. शेततळ्याच्या उतारावरचा प्लास्टिकचा कागद ओला झाला की पाय ठरत नाही, धरायला काही नसतं आणि चांगले पोहणारेही वर येऊ शकत नाहीत. विहिरीत तर उभं राहायलाच जागा नाही. तुम्ही घरीच मांडीचे स्नायू बळकट करा. पाय लांब करून बसा, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवा, ती खाली दाबून पाच अंक मोजा आणि सोडा. असं दहा वेळा. मग भिंतीला टेकवलेल्या उंच खुर्चीवरून सावकाश उठा-बसा, जमेल तितकं हात न टेकता. टँकवर जाणाऱ्यांनीही हे दोन्ही व्यायाम सोडू नयेत. पाण्यात हाडांवर भार कमी येतो, आणि हाडं मजबूत राहायला जमिनीवरचा भार लागतो.