बिअरचं उरलेलं यीस्ट धुऊन पुन्हा वापरलं तर बाधतं का?

घरी बिअर केल्यावर तळाशी बसलेलं यीस्ट धुऊन पुढच्या खेपेला वापरलं तर बाधेल का, असं तुम्ही विचारलंय. सहसा नाही बाधत. पण 'धुऊन' या शब्दाने घोटाळा होतो. आपण करतो ते नुसतं विसळणं. पाण्याने हॉप्सचा (बिअरला कडवटपणा देणाऱ्या फुलांचा) गाळ सुटतो, जंतू जात नाहीत. ब्रुअरीवाले फॉस्फोरिक आम्लात धुतात, पीएच 2च्या आसपास आणि थंडगार; त्यालाही जंगली यीस्ट दाद देत नाही. तेव्हा बिअर नको तशी आंबली असेल किंवा वर पापुद्रा धरला असेल, तर साका सरळ ओतून द्या. तार सुटलेल्या दह्याचं विरजण कोणी विसळून लावतं का?

मी अमेरिकेत मिलवॉकीत राहतो. बिअर बाटल्यांत भरली की तळाशी थोडी ठेवायचो, साका ढवळून उकळून गार केलेल्या लिटरभर पाण्यात ओतायचो. बरणी, झाकण, नरसाळं, सगळं आधी निर्जंतुक केलेलं. पंधरा-वीस मिनिटांत तपकिरी गाळ खाली बसतो. वरचं दुधाळ पाणी दुसऱ्या बरणीत काढून रात्रभर फ्रीजमध्ये ठेवलं की सायीच्या रंगाचा थर जमतो. तेच यीस्ट.

झाकण सैल ठेवा. मी एकदा आवळून लावलं होतं. आई तेव्हा इथे आलेली. इडलीचं पीठ समजून तिने बरणी उघडली आणि फस्सकन फेस थेट चष्म्यावर. काच फुटली नाही हे नशीब.

दोन आठवड्यांत वापरलं तर उत्तम. महिना झाला असेल तर आधी स्टार्टर करून, म्हणजे थोड्या गोड काढ्यात सोडून जागं करा: लिटरभर पाण्यात 100 ग्रॅम कोरडा माल्ट एक्स्ट्रॅक्ट (मोड आणलेल्या धान्याच्या अर्काची पूड), दहा मिनिटं उकळून गार. हा काढा ताजाच करा. नुसता उकळून बंद बरणीत बाहेर ठेवलात तर त्यात बॉट्युलिझमचे (जीवघेण्या अन्नविषबाधेचे) जंतू वाढू शकतात, आणि या सगळ्या उद्योगात जिवावर बेतणारी गोष्ट तीच.

पावासारखा वास ठीक, जळक्या रबराचा आला तर सिंकमध्ये. सात-आठ टक्क्यांच्या कडक बिअरमधलं यीस्ट थकलेलं असतं, मी ते ठेवत नाही. चार-पाच खेपांनंतर नवं पाकीट.

हल्ली मी पाणीही घालत नाही. साका त्याच्याच बिअरखाली ठेवतो. अल्कोहोल आणि आंबटपणामुळे तो पाण्यापेक्षा बरा टिकतो.

तुम्ही महाराष्ट्रात असाल तर परवान्याशिवाय घरी बिअर करणं 1949च्या दारूबंदी कायद्याने गुन्हा आहे. इथे घरच्यापुरती मुभा 1979 पासून आहे.