बेने इस्रायलांना रब्बी नव्हते? आमच्या नानांबद्दल

प्रश्न होता: "नरिमन हाऊसचे रब्बी होल्ट्झबर्ग सोडले तर मुंबई-कोकणातल्या ज्यूंच्या आठवणीत राहिलेले रब्बी कोण? बेने इस्रायलांना रब्बीच नव्हते असं वाचलं. मग धर्म टिकला कसा?"

बेने इस्रायल म्हणजे आम्ही कोकणातले मराठी बोलणारे ज्यू, आणि रब्बी म्हणजे रीतसर शिकलेला ज्यू धर्मगुरू. आम्हाला रब्बी नव्हते, हे खरं आहे. पण हे वाक्य लोक ज्या सुरात बोलतात तो सूर मला सहन होत नाही, म्हणून लिहायला बसले.

आमच्या मशिदीत (सिनेगॉगला आम्ही मशीदच म्हणतो) हझान असतो. प्रार्थना तो चालवतो, लग्नं तो लावतो, मयताला तो असतो आणि मलिद्याचं (गोड पोह्यांच्या प्रसादाचं) ताट पुढे ठेवून एलियाहू हनाबीचं, म्हणजे एलिया प्रेषिताचं, नाव घेणाराही बहुतेक वेळा तोच. माझ्या आठवणीतले हझान म्हणजे आमचे नाना. नात्याने कोणी नाहीत, पण अख्खं गाव त्यांना नानाच म्हणायचं. दिवसा पंचायत समितीत कारकून, संध्याकाळी आम्हा पोरांना ओटीवर बसवून शेमा ही रोजची प्रार्थना शिकवायचे. शनिवारी कचेरी असली की रजा टाकायचे, पगार कापला तरी. कोंबडी कापायच्या आधी सुरीची धार अंगठ्याच्या नखावरून फिरवून बघायचे. जराशी खाच लागली की पुन्हा दगडावर, मग पाहुणे कितीही खोळंबोत.

१९७८ च्या जुलैमध्ये माझी आजी गेली. मी अकरा वर्षांची होते. तोवर निम्मं गाव इस्रायलला गेलेलं. कद्दिश, म्हणजे मयताची प्रार्थना, म्हणायला दहा पुरुष लागतात, आमच्याकडे सात निघाले. दारात उभी राहून मीच मोजले होते, दोनदा. मयत ताटकळत ठेवायचं नाही, आणि बाहेर पाऊस असा की समोरचं घर दिसेना. नाना काही न बोलता छत्री घेऊन पेणला गेले. परतीची एसटी वडखळला अडकली, तर तिघांना ट्रकमध्ये घालून दुपारी चारला दारात हजर. धोतर चिखलाने माखलेलं. माझ्या काकाला हिब्रू अक्षर येत नव्हतं. नानांनी पिशवीतून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली वही काढली. त्यात पूर्ण कद्दिश देवनागरीत उतरवलेला, जिथे थांबायचं तिथे लाल शाईची उभी रेघ. काकाच्या मागे उभे राहून प्रत्येक रेघेला ते त्याच्या खांद्यावर बोट टेकवत होते.

आता माझं दुखणं. माझा आतेभाऊ इस्रायलला वाढला. लग्नाच्या वेळी तिथल्या एका कार्यालयात त्याने आईवडिलांचा केतुबा (लग्नाचा करार) दाखवला, नानांच्या हातचा. समोरच्याने विचारलं, हे लग्न कोणत्या रब्बीने लावलं? त्याने कितीतरी खेटे घातले तेव्हा काम झालं. राग साहजिक आहे. पण तो काढला कोणावर? नानांवर! "नुसता वाचून दाखवणारा माणूस," असं तो भर पंगतीत म्हणाला. मी तेव्हा गप्प बसले, आज बसणार नाही. १९६२ मध्ये तिथल्या मुख्य रब्बींच्या आदेशाने बेने इस्रायलांच्या आईआजीची कुळी तपासायला लावली होती, ते काय नानांमुळे? आपले लोक जेरुसलेममध्ये रस्त्यावर बसले, १९६४ मध्ये क्नेसेटने, म्हणजे इस्रायलच्या संसदेने, आपल्या बाजूने ठराव केला, तेव्हा त्या आदेशातून बेने इस्रायलांचं नाव काढलं गेलं. अपमान पदवीवाल्यांनी केला आणि बोल लागला बिनपदवीच्या माणसाला.

तुम्हाला नाव हवंच असेल तर शेलोमो सालेम शुर्राबी. कोचीनचे. त्यांचं जहाज मुंबईजवळ फुटलं, बेने इस्रायलांनी वाचवलं आणि ते इथलेच झाले. (आमचेही पूर्वज नवगावला जहाज फुटून किनाऱ्याला लागले असं आम्ही मानतो, त्यामुळे ही गोष्ट मला फार जवळची वाटते.) पोटासाठी पुस्तकबांधणी आणि वर्षाला अवघ्या शंभर रुपयांवर हझानपण. १८४३ ची मुंबईतली नवी मशीद उभी राहिली त्यात त्यांची मोठी खटपट होती. १८५६ ला वारले. तेही रब्बी नव्हते, हझानच. होल्ट्झबर्ग पतिपत्नींबद्दल मला आदरच आहे. २००३ मध्ये ते परक्या शहरात आले, आल्यागेल्याला जेवू घातलं आणि २००८ च्या दहशतवादी हल्ल्यात इथेच मारले गेले. पण त्यांच्याआधी इथे कोणी नव्हतं असं समजू नका.

एक मात्र मान्य करायला हवं. घटस्फोटासारख्या बाबतीत रीतसर शिकलेला रब्बी आणि धर्मन्यायालय लागतंच. हझान तो निवाडा करू शकत नाही, आणि १९६२ च्या भांडणात आमच्यातले जुने घटस्फोट शास्त्राप्रमाणे झाले का, हाही प्रश्न होताच. तेवढं आतेभावाचं बरोबर.

तुमच्या ओळखीत कोणी म्हातारे हझान असतील तर त्यांचा आवाज मोबाइलवर आत्ताच भरून ठेवा, चाली कागदावर उतरत नाहीत. नानांच्या चाली गेल्या. आणि स्मरणसभेत त्यांना उगाच "रब्बी" म्हणू नका, हझानच म्हणा.

वही माझ्याकडे आहे. आतेभावाच्या मुलाला हवी असेल तर झेरॉक्स पाठवीन, मूळ वही देणार नाही.