जुन्या व्हॅनचं इंजिन बदलताना

प्रश्न : आमची पेट्रोल व्हॅन निळा धूर सोडते, ऑइलही पिते. वापरलेलं पण चांगलं इंजिन मिळतंय. बसवण्याआधी काय पाहावं?

उत्तर : आधी जुन्याच इंजिनाचं कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब) मोजा. कमी आलेल्या सिलिंडरमध्ये प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजा. आकडा चढला तर रिंगा-बोअर (पिस्टनच्या कड्या आणि सिलिंडरची आतली भिंत) झिजलेत. चढला नाही तर दोष बहुधा व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केटचा (हेड म्हणजे सिलिंडरवरचं झाकण, गॅस्केट म्हणजे त्याखालचं पॅकिंग). मग कदाचित इंजिन न बदलता हेडच्या कामावरच भागेल.

आणलेलं इंजिन क्रँकच्या (इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या) बोल्टला पाना लावून हाताने दोन पूर्ण फेरे फिरवा. कुठे अडलं तर घेऊ नका. इंजिन बाहेर आहे तोवरच क्रँकचं मागचं ऑइल सील, टायमिंग बेल्ट, वॉटर पंप, क्लच प्लेट आणि रिलीज बेअरिंग (क्लच सोडवणारं बेअरिंग) नवं टाका. एवढ्याशा सीलसाठी पुन्हा गिअरबॉक्स उतरवणं फार जिवावर येतं.

जोडताना इंजिनाचा भार गिअरबॉक्सच्या शाफ्टवर लटकू देऊ नका. क्लच प्लेट वाकते. इंजिन आणि गिअरबॉक्समधली फट हाताने मिटायला हवी, बोल्ट आवळून ओढलीत तर हाउसिंगचा कान (बोल्टचं भोक असलेली कड) तुटतो.

अर्थिंगची पट्टी (इंजिन गाडीच्या बॉडीला विजेसाठी जोडणारी) हमखास विसरली जाते. मग स्टार्टरचा करंट अ‍ॅक्सिलरेटरच्या केबलमधून वाट काढतो आणि केबल तापून जळते.

पहिल्यांदा सुरू करण्याआधी प्लग काढा, इग्निशन आणि पेट्रोल बंद ठेवा आणि ऑइलचा दिवा विझेपर्यंत स्टार्टर थांबत थांबत मारा. ५०० किलोमीटरनंतर ऑइल-फिल्टर बदला.