घोट्याचे स्क्रू शिकतोयस, आधी एवढंच बघ

पावसात खानापूरकडनं शेताच्या बांधावर घसरून घोटा मोडलेली माणसं येतच राहणार, तेव्हा पहिल्याच महिन्यात प्लेटांच्या यादीत अडकू नकोस, लॅग स्क्रू, म्हणजे हाडाचे दोन तुकडे एकमेकांवर दाबून धरणारा स्क्रू, नीट समजून घे.

सुताराकडनं लाकडाचे दोन तुकडे आण, फटीसकट शिकंजात धर, अलीकडच्या तुकड्याला ३.५ मिमीचं भोक, पलीकडच्याला २.५ चं, मग ३.५ चा कॉर्टिकल (कठीण हाडासाठीचा, बारीक आट्यांचा) स्क्रू आवळ. फट डोळ्यांदेखत मिटते. आता दोन्हीकडं २.५ च पाड नि तसंच आवळ, कितीही जोर लाव फट तशीच, कारण आटे दोन्ही तुकड्यांना धरून बसतात. हे एकदा हाताला कळलं की पुस्तकातलं चित्र आपोआप कळतंय बघ.

सुरवातीला सगळ्यांच्या होणाऱ्या चुका:
- स्क्रू फ्रॅक्चरच्या रेषेला काटकोनात न जाणं, मग आवळताना तुकडा सरकतो
- मिडियल मॅलिओलसला (घोट्याच्या आतल्या बाजूच्या हाडाच्या टोकाला) ४.० च्या अर्धआट्याच्या (फक्त टोकाकडं आटे असलेल्या) स्क्रूचे आटे रेषेतच अडकणं, ते पूर्ण पलीकडं गेले पाहिजेत
- मोठ्या तुकड्याला एकच स्क्रू, त्याभोवती तो फिरतो, दोन घाल

आणि रिडक्शन (तुकडे मूळ जागी बसवणं) आधी, स्क्रू नंतर. टॅलस (घोट्याच्या सांध्यातलं खालचं हाड) १ मिमी बाहेर सरकला तर सांध्याचा संपर्क सुमारे ४२ टक्क्यांनी घटतो हे १९७६ च्या रॅम्से-हॅमिल्टनच्या प्रयोगात दिसलंय, म्हणून "चालतंय की" म्हणून सोडू नकोस.

सिंडेस्मोसिस (पायाची दोन हाडं घोट्याच्या वर जिथं जोडलेली असतात तो सांधा) आत्ता नको. हे जमू दे, मग बसू निवांत.