गोष्ट पाठ करू नका, मणी ओवा

प्रश्न : तिसरी-चौथीच्या मुलांना अनान्सी या जाळं विणणाऱ्या कोळ्याची गोष्ट तोंडी सांगायची म्हणून तीन दिवस पाठ केली. मधेच एक वाक्य विसरले आणि पुढचं सगळंच गेलं. दुसऱ्यांदा पुस्तकातून वाचली, तर मुलं खिडकीबाहेर बघत बसली. पाठांतर कसं सुधारावं?
(शिक्षिका, वाळपई)

उत्तर : पाठांतर सुधारू नका, सोडून द्या. पाठ केलेल्या गोष्टीत प्रत्येक वाक्य आधीच्या वाक्याला धरून आठवतं. एक निसटलं की पुढचीही जातात. म्हणून घटना लक्षात ठेवा. शब्दशः पाठ असाव्यात त्या तीनच जागा: सुरुवात, पालुपद आणि शेवटचं वाक्य.

कागदावर गोष्टीचे मणी मांडा, दर ओळीत एकच कृती. घानातल्या अकान लोकांची ही गोष्ट सात मण्यांत बसते. अनान्सी आभाळदेव न्यामेकडे जगातल्या सगळ्या गोष्टी मागतो. न्यामे किंमत सांगतो. अनान्सी ओनिनी अजगराला बांधतो, गांधीलमाश्यांना भोपळ्यात कोंडतो, ओसेबो बिबट्याला खड्ड्यात पाडतो, म्मोआतिया या रानपरीला चिकाच्या बाहुलीला चिकटवतो आणि शेवटी किंमत चुकती करतो. आता कागद बाजूला ठेवा आणि गोष्ट तीनदा मोठ्याने, दर वेळी वेगळ्या शब्दांत सांगा. जिथे अडखळाल तिथलं चित्र तुमच्या डोळ्यांसमोर उभं नसतं. अजगराला दांड्याशी बांधताना आधी शेपटी बांधली की डोकं, एवढं ठरवलंत तरी जीभ मोकळी होते.

या गोष्टीत सांगणाऱ्याची एक चूक हमखास होते. युक्त्या सुचवते अनान्सीची बायको आसो. आपण आधी तिच्या तोंडून युक्ती सांगतो आणि मग तीच अनान्सीकडून करवतो. मुलांना एकच गोष्ट दोनदा ऐकावी लागते आणि दुसऱ्यांदा ती ऐकत नाहीत. आसोला फक्त कुजबुजू द्या: हात तोंडाशी, डोळे मोठे, बस्स. युक्ती घडतानाच कळू दे. गांधीलमाश्यांचा प्रसंग तुमच्या सत्तरी तालुक्यातल्या मुलांना समजावून सांगावा लागणार नाही. अनान्सी भोपळ्यातलं पाणी पोळ्यावर ओततो, थोडं स्वतःवर घेतो, डोक्यावर केळीचं पान धरतो आणि ओरडतो, ‘पाऊस आला, चला, भोपळ्यात शिरा!’ माश्या शिरतात. इथे तळहाताने भोपळ्याचं तोंड बंद करा आणि दोन सेकंद काही बोलू नका. थांबला नाहीत, तर मुलांच्या हसण्यात तुमचं पुढचं वाक्य बुडतं. मिनिटाला शंभर-सव्वाशे शब्द ही गती ठेवली, तर सगळी गोष्ट दहा-बारा मिनिटांत होते. या वयाला तेवढी पुरे.

शेवटी आपल्या सवयीने ‘साठा उत्तरांची कहाणी पाचा उत्तरी सुफळ संपूर्ण’ म्हणू नका. ते वाक्य हातात अक्षता धरून ऐकायच्या व्रताच्या कहाणीचं आहे. अकान सांगणाऱ्याचा स्वतःचा समारोप आहे आणि तो फार सुंदर आहे: ही माझी गोष्ट गोड लागो न लागो, थोडी तुम्ही घेऊन जा, थोडी माझ्याकडे परत येऊ द्या. तो तसाच ठेवा. मुलं चुळबुळ करू लागली तर ‘गप्प बसा’ म्हणण्याऐवजी हाक-प्रतिसाद शिकवून ठेवा. स्वाहिली सांगणारा ‘पाऊक्वा!’ म्हणतो, ऐकणारे ‘पाकावा!’ म्हणतात. हैतीत ‘क्रिक?’ला उत्तर येतं ‘क्राक!’. पण गोष्ट ज्यांची, हाक त्यांचीच घ्या.

एक गोष्ट आवर्जून पाळा. काही समाजांत गोष्टींनाही ऋतू असतो. अमेरिकेतले नवाहो लोक कोल्ह्यासारख्या कायोटीच्या गोष्टी हिवाळ्यातच सांगतात. श्रावणातल्या कहाण्यांचा महिना आपण जपतो, तसा त्यांचा हिवाळाही जपावा.

प्रश्न : वाचनालयात जपानी कामिशिबाईच्या पद्धतीने, म्हणजे चौकटीतली चित्रं एकेक ओढत, गोष्ट सांगायची आहे. बारा चित्रं काढून घेतली, प्रत्येकाच्या पाठीवर त्याचा मजकूर लिहिला. सांगताना नेमका तो दिसतच नाही. शिवाय पत्र्यावर पाऊस लागला की आवाज पोचत नाही.
(ग्रंथपाल, फोंडा)

उत्तर : मजकूर चुकीच्या पाठीवर गेला आहे. मुलांसमोर पहिलं चित्र असतं तेव्हा तुमच्याकडे बाराव्याची पाठ असते. म्हणून पहिल्या चित्राचा मजकूर बाराव्याच्या मागे हवा. पहिलं चित्र ओढून सगळ्यांच्या मागे सरकवलं की त्याची पाठ तुमच्यासमोर येते, तिथे दुसऱ्याचा मजकूर. असं करत बाराव्याचा मजकूर अकराव्याच्या मागे. प्रत्येकाच्या कोपऱ्यात आकडा घाला. एक चित्र उलटसुलट झालं तरी पुढची सगळी ओळ चुकते.

कागद जाड घ्या, पातळ कागद पावसाळ्यात वाकतो आणि चौकटीत अडकतो. बाह्यरेषा ठळक हव्यात. उत्कंठेच्या जागी चित्र एका झटक्यात न ओढता अर्धंच ओढून थांबा. 1930 च्या दशकात जपानच्या रस्त्यांवर हे सांगणारे सायकलवरून फिरत, लाकडी पट्ट्या वाजवून मुलं जमवत आणि त्यांना गोळ्या विकत. त्या ठोक्यांची जागा तुमच्याकडे टाळ घेतील.

पत्र्यावरच्या पावसाशी आवाजाची स्पर्धा करू नका. वरच्या पट्टीत शब्द फाटतात आणि घसा बसतो. मुलं जवळ घ्या: अर्धवर्तुळ, पहिली रांग दीड मीटरवर, शेवटची चारच्या आत. खिडकी तुमच्या पाठीशी नको, चेहरा काळोखात जातो. सर जोराची आली तर चित्र समोर ठेवून थांबा.

शक्य झालं तर कुडाळजवळच्या पिंगुळीला जाऊन ठाकर समाजाची चित्रकथी पाहून या. तिथले परशुराम गंगावणे यांना 2021 मध्ये पद्मश्री मिळाली. तिथे सांगणाऱ्याला मागे मजकूर लागत नाही. चित्रं पाठीला पाठ चिकटवलेली असतात, त्यांच्या संचाला पोथी म्हणतात आणि कथा गाऊन पुढे जाते.

प्रश्न : नातवंडं घरी कोंकणी बोलतात, शाळेत इंग्रजी. ‘चल रे भोपळ्या’ त्यांना मराठीतच सांगू का?
(आजी, पेडणे)

उत्तर : आजी, गोष्ट कोंकणीत सांगा, पालुपद मराठीत राहू द्या. ‘टुणुक टुणुक’ला भाषांतर लागत नाही. इराणातही हीच म्हातारी लेकीकडे जाते, वाटेत लांडगा, बिबट्या आणि सिंह भेटतात आणि परत येताना ती भोपळ्यात बसून गडगडत येते. हे मुलांना नंतर सांगा, आधी नको. मधे थांबून शब्दांचे अर्थही सांगू नका, तेवढ्यात भोपळा थांबतो. पालुपद तीनदा तुम्ही म्हणा. चौथ्यांदा ‘चल रे’ एवढंच म्हणून गप्प राहा आणि मुलांच्या तोंडाकडे बघा.