अर्ज, छाननी, माघार : नगरपरिषदेच्या उमेदवारांविषयी वाचकांचे प्रश्न

डिसेंबर 2025मध्ये राज्यातील नगरपरिषदा आणि नगरपंचायतींच्या निवडणुका पार पडल्या. यांतील अनेक शहरांचा कारभार त्याआधी कित्येक वर्षे प्रशासकांच्या हाती होता. पाच वर्षांची मुदत संपण्यापूर्वी नवी निवडणूक व्हावी, असे राज्यघटना सांगत असतानाही ही वेळ आली. निवडणुकीच्या निमित्ताने वाचकांनी पाठवलेल्या पत्रांपैकी बहुतेक पत्रे मतदानाच्या दिवसाविषयी नसून उमेदवारीविषयी आहेत आणि ते स्वाभाविक आहे, कारण मतदारापुढे कोणकोणती नावे येणार हे अर्ज भरणे, छाननी आणि माघार या मोजक्या दिवसांतच ठरते.

आमच्याकडे प्रचार संपत आलेला असताना मतदान 2 डिसेंबरवरून 20 डिसेंबरवर गेले. एखाद्या अर्जाच्या वादामुळे संपूर्ण शहराने का थांबावे? (एक वाचक, पुणे जिल्हा)

निवडणूक निर्णय अधिकाऱ्याने छाननीत दिलेल्या निर्णयाविरुद्ध उमेदवाराला जिल्हा न्यायालयात दाद मागता येते. असे अपील झाले, तर त्याच्या निकालानंतर माघार घेण्यासाठी तीन दिवसांची मुदत द्यावी, असे नियम सांगतो. काही ठिकाणी न्यायालयाचे निकाल उशिरा आले, ही मुदत न देताच चिन्हवाटप झाले आणि म्हणून राज्य निवडणूक आयोगाला तेथील कार्यक्रम नव्याने आखावा लागला. अपील नगराध्यक्षपदाच्या अर्जाविषयी असेल, तर ते पद संपूर्ण शहराचे असल्यामुळे सर्वच मतदान पुढे गेले. केवळ एखाद्या सदस्याच्या जागेचा वाद असेल, तर तेवढीच जागा थांबली. पुढे मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने सर्व निकाल 21 डिसेंबरला एकत्र जाहीर करण्याचा आदेश दिला, त्यामुळे 2 डिसेंबरला मतदान केलेल्या शहरांनाही वाट पाहावी लागली.

तीन दिवसांची ही मुदत म्हणजे कायद्याचा किस नव्हे. कोण रिंगणात आहे हे कळल्याशिवाय राहायचे की माघार घ्यायची हे उमेदवाराला ठरवता येत नाही. खरी चूक मुदत देण्यात झालेली नाही. अपिले होणारच हे गृहीत धरून वेळापत्रकात पुरेसे दिवस ठेवले गेले नाहीत, तेथे ती झाली, असे माझे स्पष्ट मत आहे.

आमच्या प्रभागात एकाच पक्षाचे म्हणवणारे तीन जण उभे होते. त्यांतील खरा कोण, हे मतदाराने कसे ओळखावे? (एक वाचक, सातारा जिल्हा)

पक्षाने अधिकृत केलेल्या व्यक्तीच्या सहीचा एबी फॉर्म अर्जाच्या मुदतीत ज्याने दाखल केला, तोच पक्षाचा उमेदवार. मतदान यंत्रावर पक्षचिन्ह त्याच्याच नावापुढे असते. बाकीचे, फलकावर कोणत्याही नेत्याचे छायाचित्र लावोत, अपक्षच ठरतात. फॉर्म उशिरा पोहोचला किंवा त्यात दोष राहिला, तर पक्षाने निवडलेल्या उमेदवारालाही चिन्हाला मुकावे लागते. त्यामुळेच शेवटच्या दिवशी तहसील कचेरीसमोर इतकी धावपळ दिसते.

मला तीन अपत्ये आहेत. त्यांपैकी धाकट्याला नात्यात दत्तक दिले आहे. मला निवडणूक लढवता येईल का? (एक वाचक, बीड जिल्हा)

तिसरे अपत्य सप्टेंबर 2001 नंतर जन्मलेले असेल, तर येणार नाही. अपत्य दत्तक दिल्याने जन्मदात्यांची अपात्रता टळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2018मध्ये ओडिशातील एका प्रकरणात स्पष्ट केले आहे. मात्र एक अपत्य असताना दुसऱ्या बाळंतपणात जुळी झाली, तर त्यांची गणना एकच होते. तसेच दत्तक घेतलेले मूल या मोजणीत धरले जात नाही.

अशी अट घटनाबाह्य नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 2003मध्ये हरियाणातील प्रकरणात म्हटले असून तो निकाल आजही लागू आहे. तरीही या अटीचा भार सर्वांवर सारखा पडत नाही, हे सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. किती मुले व्हावीत हे ठरवण्याचा अधिकार आजही असंख्य घरांत बाईला नसतो, पण घरच्यांच्या निर्णयामुळे तिची उमेदवारी मात्र कायमची जाते.

महिलांसाठी राखीव जागेवर अर्ज पत्नीचा, पण पत्रकावर मोठा चेहरा पतीचा. याला कायद्याने आडकाठी नाही का? आणि पुढच्या वेळी आरक्षण उठले, की त्या बाईंनी घरी बसायचे का? (एक वाचक, नाशिक जिल्हा)

छायाचित्राला आडकाठी नाही. मात्र निवडून आल्यावर सभागृहात बसणे, ठरावावर मत देणे आणि प्रश्न विचारणे हे अधिकार केवळ नगरसेविकेचे असतात आणि ते पतीकडे सोपवता येत नाहीत. म्हणून प्रचाराच्या काळातच मतदारांनी उमेदवार बाईंशी थेट बोलण्याचा आग्रह धरावा. प्रभागात पाणी किती दिवसांआड येते, घंटागाडी कोणत्या गल्लीत फिरकत नाही, हे त्यांना विचारावे. या प्रश्नांची उत्तरे पतीपेक्षा त्यांनाच अधिक नेमकेपणाने देता येतात, असे पुष्कळदा दिसते.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर निःसंदिग्धपणे 'नाही' असे आहे. महाराष्ट्रात 2011पासून निम्म्या जागा महिलांसाठी राखीव आहेत आणि सोडतीनुसार त्या बदलतात. परंतु उरलेल्या जागा पुरुषांसाठी राखीव नसतात. सर्वसाधारण जागेवर महिलेला उभे राहण्याचा पूर्ण हक्क आहे. पाच वर्षे उत्तम काम केलेल्या नगरसेविकेला केवळ सोडतीची चिठ्ठी बदलली म्हणून उमेदवारी नाकारणारे पक्ष त्या प्रभागावर अन्याय करतात.

आमच्या वॉर्डात माघारीच्या दिवशी दुपारनंतर एकच अर्ज उरला. आम्हाला 'नोटा'चा पर्यायसुद्धा मिळाला नाही. बिनविरोध निवड चांगली, असे सगळे म्हणतात. तुमचे मत काय? (एक वाचक, सोलापूर जिल्हा)

आपल्याकडे 'बिनविरोध' म्हटले की एकोपा डोळ्यांसमोर येतो, आणि काही ठिकाणी तो खराही असतो. या वेळी धुळे जिल्ह्यातील दोंडाईचा-वरवाडे ही संपूर्ण नगरपरिषद बिनविरोध झाली. एकच उमेदवार उरल्यावर मतदानच होत नसल्यामुळे 'नोटा'चा प्रश्न येत नाही. राज्य निवडणूक आयोगाने 2018मध्ये आदेश काढून, सर्वाधिक मते 'नोटा'ला मिळाल्यास त्या जागेची निवडणूक पुन्हा घ्यावी, असे ठरवले होते. परंतु ते संरक्षण मतदान झाले तरच मिळते, आणि मतदारांची नाराजी जेथे सर्वाधिक असू शकते तेथेच ते उपयोगी पडत नाही.

माघारीमागे समजूत, दबाव, पैसा किंवा पुढच्या पदाचे आश्वासन यांपैकी काय होते, हे कागदावर कधीच उमटत नाही. मात्र पुरावा समोर आला, तर आयोग कारवाई करू शकतो. सरपंचपदाचा जाहीर लिलाव झाल्याचे उघड झाल्यावर जानेवारी 2021मध्ये नाशिक जिल्ह्यातील उमराणे आणि नंदुरबार जिल्ह्यातील खोंडामळी या ग्रामपंचायतींच्या निवडणुका आयोगाने रद्द केल्या होत्या. त्या गावांत बोली लागल्याचे चित्रण आयोगापर्यंत पोहोचले होते, ही बाब येथे महत्त्वाची आहे.

आपल्या वॉर्डात कोणावर दबाव आला, अशी खात्रीलायक माहिती असेल, तर ती निवडणूक निर्णय अधिकारी आणि जिल्हाधिकारी यांना लेखी द्यावी व पोच घ्यावी. निवडीलाच आव्हान द्यायचे असेल, तर निवडून आलेल्यांची नावे राजपत्रात प्रसिद्ध झाल्यापासून 10 दिवसांच्या आत जिल्हा न्यायालयात निवडणूक याचिका दाखल करावी लागते. ही मुदत फार थोडी असल्यामुळे वकिलांचा सल्ला प्रसिद्धीची वाट न पाहता आधीच घ्यावा. उमेदवाराच्या शपथपत्राची प्रतही त्याच वेळी मिळवून ठेवावी. त्यात मालमत्ता, शिक्षण आणि दाखल गुन्ह्यांची माहिती असते आणि बिनविरोध निवडून आलेल्या उमेदवारालाही ते द्यावेच लागलेले असते.